भिंतीकडे तोंड

चार वर्षांची श्वेता स्वतःचं नाव 'वेता' सांगायची. शाळा म्हणजे 'आळा', साखर म्हणजे 'आखर'.

"हिचा बाप, आमचा श्यामकांत, पाचव्या वर्षापर्यंत बोबडाच होता गं," सासूबाई म्हणत. "आता मीटिंगमध्ये कुणाला बोलू देत नाही."

सगळे हसत. उत्तराही हसे, आणि रोज संध्याकाळी लेकीला समोर बसवून, ओठ नीट दाखवत एकेक शब्द घोकून घेई. तरी बालवाडीच्या बाईंची चिठ्ठी आलीच: एकदा कान तपासून घ्या.

म्हणून आज मायलेकी मुलुंडच्या एका दवाखान्यातल्या बंद खोलीत बसल्या होत्या. भिंतींना जाड फोम, काचेपलीकडे तपासणाऱ्या नमिता मॅडम. श्वेताने हेडफोन काढून फेकला, तेव्हा आवाज स्पीकरवर सोडायचं ठरलं. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा, एवढाच खेळ.

घुंऽ. टक्. टुंऽ. टक्. मग शिट्टीसारखा बारीक आवाज. टक्. उत्तराचा जीव भांड्यात पडायला लागला.

"उत्तराताई," स्पीकरमधून मॅडम म्हणाल्या, "भुवया उडवताय तुम्ही."

"मी? छे हो!"

"दर वेळी. ती तुमच्याच तोंडाकडे बघतेय. जरा भिंतीकडे वळून बसता का?"

उत्तरा वळली. घुंऽ. मागे टक्. टुंऽ. टक्. मग तो बारीक आवाज आला. तिने श्वास रोखला. काहीच पडलं नाही. तोच आवाज पुन्हा, मोठ्याने. मागे श्वेता पाय हलवत आपल्याच नादात गुणगुणत होती.

संध्याकाळचे ते सगळे शब्द उत्तराला आठवले. पोरीने ते धड ऐकले नव्हते, ओठांवरून उचलले होते. पण त्या शिट्टीसारखाच बारीक, दातांआडून निघणारा 'स' ओठांवर दिसणार कुठून?

"आता सगळ्यात मोठा देते हं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

आवाज तिच्या कानात सुईसारखा घुसला. मागे शांतता. नुसती मान फिरवली, एक भुवई हलवली, तर ठोकळा पडेल. आत्ता पडेल.

"आई, इकडे बघ ना."

उत्तराने खुर्चीची कड घट्ट धरली आणि समोरच्या फोमवरची नजर हलू दिली नाही.