जे निघेल ते घराबाहेर

सासरेबुवांच्या लाडोबाला खाज सुटली आणि सूनबाईच्या मागे साडेसाती लागली.

लाडोबा म्हणजे कुत्रा. सासरेबुवांचं बोलणं न कंटाळता ऐकणारा आणि रात्री त्यांच्याच गादीवर झोपणारा घरातला एकमेव जीव. पोट लालबुंद, पंजे चाटून चाटून सुजलेले. दोष कुणाचा, हे विचारायलाच नको. आधी तिच्या फरशी पुसायच्या बाटलीचा, मग पडद्यांचा, शेवटी गॅलरीतल्या बावीस कुंड्यांचा. त्या तिनं एकेक रोप मागून जमवलेल्या. या घरात माझं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं. नवऱ्यानं मत दिलं नाही. त्याला मत असतं, असा आरोप आजवर कुणी केलेला नव्हता.

"तपासणी होऊन जाऊ दे!" सासरेबुवा गरजले. "जे निघेल ते घराबाहेर. मग ते कुणाचं का असेना!"

"शब्द हं, बाबा," ती म्हणाली. पण जाऊन एकदा कुंड्या मोजून आली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लाडोबाची एक कूस भादरली, पेनानं ठिपके काढले आणि प्रत्येक ठिपक्यापाशी बारीक सुई टोचली. झाडांचे पराग, बुरशी, धुळीतले किडे, एकेकाचा थेंब. जिथे गांधी उठेल तो गुन्हेगार. सासरेबुवा परागांच्या रांगेवर डोळे लावून बसले. वीस मिनिटं झाली तरी ती रांग मेली सपाटच! खालच्या कोपऱ्यात मात्र बोराएवढी गांधी टरारली.

"हे कसलं?" सासरेबुवांनी विचारलं.

"माणसाच्या अंगाचा कोंडा. कुत्र्यांनाही कधीकधी माणूस सोसत नाही. हा झोपतो कुणाजवळ?"

नवऱ्याला अचानक छत फार बघण्यासारखं वाटू लागलं.

डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की अंथरूण वेगळं करा, धूत जा. पण शब्द म्हणजे शब्द! संध्याकाळी सासरेबुवा गादीची वळकटी काखोटीला मारून गॅलरीत गेले आणि बावीस कुंड्यांच्या मधे बसले. काचेच्या दाराआड लाडोबा केविलवाणा रडत होता.

सूनबाईनं आठ महिने गिळलेले टोमणे निवडून, पाखडून तयार ठेवले होते. दार सरकवून ती बाहेर आली. सासरेबुवा तिच्या कुंडीतलं वाळकं पान खुडत होते. वर न बघताच त्यांनी हळूच विचारलं,

"सूनबाई, ती तुझी फरशीची बाटली... माणसाच्या अंगाला चालते का गं?"