मासा तोडणारा हात

बातमी आली त्या दुपारी माझ्यात नेहमीचाच लाल भात होता. वर भोपळ्याच्या फोडी, मधोमध मासा. मी डाकारच्या न्जाय कुटुंबाची परात. इनॅमलची, काठावर निळी फुलं, एका जागी टवका उडालेला.

सोखना आजीनं मला मुलाच्या लग्नात बाजारातून आणलं. तेव्हापासून सगळं घर माझ्याभोवती चटईवर बसून जेवतं. ज्यानं त्यानं आपल्यासमोरचंच खायचं. मासा मात्र एकीनंच तोडायचा आणि प्रत्येकापुढे सारायचा. ते काम सुनेकडे, मारेमकडे सोपवताना आजी एवढंच म्हणाली होती, "पोरी, आधी अशक्त माणसाकडे बघ. धट्टेकट्टे आपलं आपण बघतात."

त्या दुपारी शेजारचा सांबा जोप ऐन जेवणाच्या वेळी आला. जोप आणि न्जाय या घराण्यांनी एकमेकांची थट्टा करायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची.

"या जोप! भाताचा वास तुमच्या उंबऱ्यापर्यंत आला वाटतं?" आजी म्हणाली.

"न्जायांनी काही शिल्लक ठेवलं असेल तर बसतो." तो बसला, पण घास घेईना. "बिराम, ऐकलंस का? फ्रान्सच्या एका फ्रँकला आपले पन्नास फ्रँक पडायचे. आजपासून शंभर."

बिराम म्हणजे आजीचा मुलगा, शिंपी. त्याचा हात माझ्यावरच थांबला. "म्हणजे तिकडून येणारं सगळं दुप्पट?"

"तेल, दूध, औषधं. सगळं."

"आपल्याला विचारलं कुणी?"

"आपलेही पुढारी होते की फ्रान्सवाल्यांबरोबर हे ठरवायला बसलेले."

"बसलेले असतील," आजी म्हणाली. "मासा कोण तोडत होतं?"



आजीला साखरेचा आजार. तिचं सुईचं औषध फ्रान्सहून यायचं. रोज जेवणं झाली की घासून-पुसून मला तिच्या खोलीत, पाण्याच्या रांजणाशेजारी उभं करत. औषधाची बाटलीही तिथंच, गारव्याला. त्या दिवसापासून आजी सुईत निम्मंच औषध ओढू लागली. मी बघत होते.

"माझ्याकडे औषध आहे रे, इतक्यात आणू नकोस," ती आपणहूनच बिरामला सांगायची. तो मान हलवायचा. कपडे शिवायला येणारेही कमी झाले होते.

माझ्यातला मासा लहान होत गेला. मारेम पहिला तुकडा आजीपुढे सारायची. आजी बोटानं तो हळूच नातीकडे ढकलायची. "दाढ दुखतेय गं," म्हणायची. तिची बोटं वाळत चालली होती. अंगठ्याची एक जखम भरतच नव्हती.

आंबे पिकायच्या सुमारास ती गेली.

आता माझी फुलं पुसट झालीत. मारेम अजूनही सवयीनं पहिला तुकडा आजीच्या जागेकडे सारते, मग थबकते. एका परातीत जेवणाऱ्यांनो, शेजारच्या हाताकडेही पाहत जा, एवढंच सांगावंसं वाटतं.

बिराम रोज त्या रांजणातून पाणी प्यायचा. ती बाटली इतके दिवस कशी पुरते, हे वाकून बघायचं त्याचं राहून गेलं.