फेटेवाल्या साहेबाचे अश्रू

चिंचपोकळीच्या दवाखान्यासमोर सकाळपासून रांग लागली होती, पण डॉक्टरांसाठी नव्हे. अंगणातला संगमरवरी डॉक्टर मॅक्रे साहेब रडत होता. डोळ्यांतून टपटप पाणी, आणि त्या पाण्याला कापराचा वास.

"साहेब जन्मला स्कॉटलंडात, पण आत्मा इथलाच," कोंडीरामबुवा पळीने तीर्थ वाटत होता. "मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत हे अश्रू थांबायचे नाहीत. पुढे सरका, बाटल्या उघड्या ठेवा." मेलेल्या डॉक्टरलाही चळवळीत ओढणारा बुवा चिंचपोकळीने प्रथमच पाहिला.

दारात उभे राहून डॉ. मनमोहन कोठारे हे ऐकत होते आणि मनातून खजील होत होते. प्लेगच्या साथीत चाळीचाळीतून हिंडलेला हा साहेब म्हणजे त्यांचे दैवत. त्याचे निबंध कोठाऱ्यांखेरीज कुणी वाचलेही नव्हते. चार दिवसांपूर्वी 'परक्याचा पुतळा नको' म्हणून गल्लीतल्या शिवाने तो पाडायला दोर आणला होता. तेवढ्यात बुवाने साहेबाला पार भुवयांपर्यंत फेटा बांधला, साहेब रडू लागला आणि दोर तसाच राहिला. त्याच दिवशी हार घालताना फेट्याखालची चलाखी डॉक्टरांच्या हाताला लागली होती. पण पुतळा वाचतोय म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप घातले.

आज जाईबाई दवाखान्याची पायरी टाळून नातीला रांगेत घेऊन आली. लक्ष्मीचा गळा सुजला होता, श्वास घरघरत होता.

"कधीपासून?" डॉक्टर धावत आले.

"परवापासून. रोज सायबाचा तीर्थ पाजतंय, डॉक्टरानू. आता बरा वाटतला."

डॉक्टरांनी पोरीचा घसा पाहिला. आत करडा पापुद्रा. घटसर्प. पोरीचे दोन दिवस बुवाने एकट्याने खाल्ले नव्हते.

ते तरातरा पुतळ्याकडे गेले आणि फेटा उचलला. खाली कापराच्या पाण्याची वाटी, तिच्यातून डोळ्यांवर आलेल्या कापसाच्या दोन वाती.

"समईची वात तेल ओढते ना? ही पाणी ओढते. चमत्कार एवढाच."

"साहेबाचा कोप होईल," बुवा पुटपुटला.

"साहेबाने लिहून ठेवलंय. त्याच्या गावी पवित्र विहिरीचं पाणी पाजत बसले आणि त्याची बहीण गेली. म्हणून तो डॉक्टर झाला."

"तुम्हाला हे कधी कळलं?" शिवाने विचारले.

"पहिल्याच दिवशी. पुतळा वाचावा म्हणून गप्प बसलो. माझं चुकलं."

जाईबाईने नातीला उराशी घट्ट धरले आणि डॉक्टरांकडे नुसते पाहिले. ती नजर त्यांना सोसवेना.

"इस्पितळात इंजेक्शन मिळालं तर अजून वेळ आहे, जाईबाई," ते म्हणाले. "आणि सगळ्यांनी ऐका. जो तपासू देत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका. माझ्या हातचंसुद्धा. शिवा, पुतळा उद्या पाड. आत्ता टॅक्सी आण."