मंगळवारची कॅसेट

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो: मी टेपरेकॉर्डर आहे आणि माझ्यात काहीही बिघाड नाही. माझ्या पाठीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती खोटी आहे. ती कोणी चिकटवली आणि का, एवढंच सांगायला मी तोंड उघडलंय. गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर शेजारच्या फळीवर रंगीत चित्रांची पुस्तकं आहेत, ती खुशाल काढा.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एक तारा जोडायची, दुसरी स्क्रू आवळायची, तिसरी झाकण बसवायची. ओळीच्या टोकाला बसलेली बाई प्रत्येक यंत्रासमोर एक ते दहा आकडे म्हणायची आणि ते परत वाजवून बघायची. माझी पाळी आली त्या दिवशी तिला सर्दी झाली होती. त्यामुळे मी या जगात ऐकलेला पहिला आवाज नाकातला होता. पण मी तो जसाच्या तसा परत दिला आणि पास झालो.

मला विकत घेतलं एका हेडमास्तरांनी, शाळेतल्या कवितापाठांतरासाठी. मुलं माझ्यासमोर उभी राहून कविता म्हणायची. जो चुकायचा, अडखळायचा, त्याचा आवाज हेडमास्तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला ऐकवायचे. वर्ग खो खो हसायचा. "विनोदातून सुधारणा होते," असं ते म्हणायचे. सुधारलेला मुलगा काही मला आठवत नाही. त्यानंतर कायमचा गप्प झालेला एक मात्र चांगला आठवतो.

हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने निरोपाची भेट म्हणून मलाच त्यांच्या गळ्यात मारलं. घरी त्यांचं मन लागेना. ते बायकोला भाजी कशी चिरावी ते शिकवू लागले. दोन महिन्यांनी बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन कोणालाही शिकवा, पण मला शिकवू नका." झालं, त्यातून निवृत्तांचा वर्ग निघाला. वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. जे येतं ते दुसऱ्याला शिकवायचं, जे येत नाही ते शिकून घ्यायचं, असा नियम. जन्मभर दात उपटलेले डॉक्टर चित्रं काढायला शिकले. कचेरीत उभं आयुष्य घालवलेल्या टायपिस्टबाई साठाव्या वर्षी पोहायला शिकल्या. शिवाय समाजासाठी काहीतरी करायचं, म्हणून अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून टेप करायची. त्यासाठी हेडमास्तरांनी मलाही माडीवर आणलं आणि ते काम माझ्याकडे आलं. ऐकणाऱ्यांची पत्रं यायची, ती महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सभेत मोठ्याने वाचली जायची. ज्याचं पत्र त्यानेच वाचायचं, हा मान होता.

सगळ्यात जास्त पत्रं यायची ऑपरेटरबाईंना. चौतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काम केलेली बाई. नुसतं "बोला" म्हणाली तरी ऐकणाऱ्याला बरं वाटावं, असा आवाज. नवरा गेलेला, मुलगा परगावी, त्याचा फोन रविवारी दहा मिनिटं. आणि मंगळवार माझा. त्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून यायची, पुस्तकाखाली रुमाल पसरायची, म्हणजे पानांची कुरकुर माझ्या कानात जाणार नाही. कोमट पाणी प्यायची, दार लावून घ्यायची, आणि टेप करायची माझी दोन्ही बटणं एकदम दाबायची. सहा वर्षं एकही मंगळवार चुकला नाही. मुलांनो, मला ती फार आवडायची, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सातव्या वर्षी तिचा आवाज कापायला लागला. आधी थोडा, मग बराच. वाक्याच्या शेवटचे शब्द गळायला लागले. अंधांच्या वाचनालयाने तिच्या दोन कॅसेट परत पाठवल्या आणि सोबत चिठ्ठी: ऐकणाऱ्यांना त्रास होतो, कृपया दुसरा वाचक द्यावा. चिठ्ठी हेडमास्तरांच्या हातात पडली. त्यांनी डॉक्टरांना आणि टायपिस्टबाईंना माझ्या खोलीत बोलावलं.

"तिला सांगणार कोण?" हेडमास्तर म्हणाले.

"तुम्ही अध्यक्ष," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"अहो, पण बाईमाणसाशी बाईने बोललेलं बरं."

"मी नाही बाई. आवाजावर जगलेली ती. उद्या काही बरंवाईट झालं तर?"

डॉक्टर हसून म्हणाले, "मी सांगितलं असतं, पण मला आधी भूल द्यायची सवय आहे."

या वाक्यावर तिघंही हसले, आणि हसता हसताच ठरलं: सांगायचंच नाही. येऊ दे तिला, वाचू दे, आपलं काय जातं? फक्त नव्या कॅसेट वाया घालवायच्या नाहीत. एकच ठेवायची. दर मंगळवारी जुनं लेबल सोलायचं, ती नव्या डबीत घालायची आणि तिच्या हातात द्यायची.

आता माझं काम कसं चालतं ते समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. मी नवीन आवाज टेप करतो तेव्हा त्या जागेवरचा जुना आवाज आधी पुसतो. मला तसंच बनवलंय. म्हणजे ती वाचायची, आणि तिच्याच मागच्या मंगळवारच्या आवाजावर मी बोळा फिरवायचो. तिच्यासमोर, तिच्या देखत. चूक त्यांची, पण हात माझा, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन महिने पत्र आलं नाही, तेव्हा तिने हेडमास्तरांना विचारलं, "सर, कोणीच काही लिहीत नाही. माझं वाचन आवडत नाही का?"

तेव्हा तरी बोलायचं ना. तर नाही. पुढच्या शनिवारी तिच्या घरी टाइप केलेलं पत्र पोचलं. लिहिणारा एक घड्याळजी. डोळे गेल्यामुळे दुकान बंद केलेला, एकटा राहणारा, शेजारणीकडून पत्र लिहवून घेणारा. सगळा माणूस त्या तिघांनी चहा पिता पिता पलीकडच्या खोलीत घडवला. हेडमास्तर मजकूर सांगायचे, टायपिस्टबाई टाइप करायच्या, आणि डॉक्टर मध्ये मध्ये मसाला घालायचे.

सुरुवातीला त्यांच्या मनात दयाच असेल, मी नाही म्हणत नाही. पण तिसऱ्या पत्रापासून त्यांना त्यात मजा यायला लागली. "तुमचा आवाज ऐकताना माझा चहा गार होतो, असं लिहा," डॉक्टर म्हणाले, आणि टायपिस्टबाईंना हसू आवरेना. पोहण्याचा वर्ग मंगळवारी होता, तो बाईंनी बुधवारी करून घेतला. मंगळवार कोणालाच चुकवायचा नव्हता.

आणि ती? ती महिन्याच्या सभेत ती पत्रं वाचायची. कापऱ्या आवाजात, पण मान ताठ. मंगळवारी तीन तीनदा कोमट पाणी प्यायची. घरून अध्याय दोनदा वाचून यायची. अध्याय संपला की बटण बंद करण्याआधी घड्याळजीशी दोन शब्द बोलायची. "थंडी वाढली आहे, गळ्याला काहीतरी गुंडाळा." "गुडघा कसा आहे?" एकदा त्याच्या पत्रात होतं की भिंतीवरचं जुनं घड्याळ बंद पडलंय आणि तो ते हाताने चाचपून दुरुस्त करतोय. ती चार मंगळवार विचारत राहिली, "घड्याळजी, ते भिंतीवरचं घड्याळ चालू झालं का?"

उत्तर आलं नाही. कुठून येणार? कॅसेट कोणी वाजवून बघतच नव्हतं.

पाचव्या मंगळवारी तिच्या मनात आलं, माझं शेवटचं बोलणं टेपच होत नसेल. हे जुनं यंत्र, शेवटी दगा देत असेल. म्हणजे संशय आला तो माझ्यावर. त्या दिवशी तिला खोकला होता, वाचन निम्म्यातच थांबवावं लागलं. तिने टेप मागे घेतली आणि वाजवली. मी तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत नीट ऐकवलं. ती समाधानाने बटण बंद करणार, इतक्यात पुन्हा तिचाच आवाज सुरू झाला. मागच्या मंगळवारचा अध्याय, मधूनच, अर्ध्या वाक्यापासून. कारण आज ती थोडंच वाचली होती आणि तेवढंच मी पुसलं होतं.

ती ऐकत राहिली. अध्याय संपला. मग टेपमधली ती म्हणाली, "घड्याळजी, ते भिंतीवरचं घड्याळ चालू झालं का?"

घड्याळजीकडे गेलेला प्रश्न इथेच पडलेला होता. तिने कॅसेट बाहेर काढली, उजेडात धरली, लेबलाच्या कडेला नख लावलं. खाली जुन्या डिंकाचा थरावर थर होता. तिने लेबल अंगठ्याने परत दाबून बसवलं. मग स्वतःशीच म्हणाली, "चुकून दिली असेल. एवढ्या कॅसेट असतात, गडबड होते."

तिला घड्याळजी खरा असायला हवा होता, मित्रांनो. कॅसेटचं काय व्हायचं ते होवो, पण तो तेवढा खरा असायला हवा होता. हे तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ती आली. रुमाल पसरला, पुस्तक ठेवलं, दार लावलं, दोन्ही बटणं दाबली, आणि वाचलंच नाही. हात मांडीवर ठेवून अर्धा तास नुसती बसली. एक बाजू संपून बटण आपोआप वर आलं, तेव्हा उठली. लेबलावर नेहमीसारखा अध्यायाचा नंबर घातला.

"झालं का बाई?" बाहेर हेडमास्तरांनी विचारलं.

"झालं, सर."

"छान."

घड्याळजी खरा असेल तर लिहील, की कॅसेट कोरी आली, तुमची तब्येत बरी आहे ना. एवढीच तिची आशा. शुक्रवारी पत्र आलं. शनिवारी सभा होती.

सभेला पंचवीस-तीस माणसं. मीही टेबलावर होतो, कारण कोणीतरी नव्या भाषेच्या वर्गाचा नमुना ऐकवणार होतं. तिची पाळी आली, ती उभी राहिली आणि पत्र वाचलं.

"या खेपेस आपण फारच सुंदर वाचलंत. आजवरच्या वाचनात हे सर्वांत उत्तम. शेवटचं वाक्य ऐकून डोळे पाणावले."

टाळ्या पडल्या. डॉक्टर मान खाली घालून टाळ्या वाजवत होते, खांदे हलत होते.

"घड्याळजींना एवढं आवडलंय," ती म्हणाली, "तर सगळ्यांनीच ऐकावं."

"बाई, ती कॅसेट तर पाठवली," हेडमास्तर म्हणाले.

ती कपाटापाशी गेली. कॅसेट पहिल्याच फळीवर होती. तिने ती माझ्यात घातली, टेप मागे घेतली आणि बटण दाबलं.

मी वाजलो. नुसती खरखर. खुर्ची करकरल्याचा एक आवाज. तिचा श्वास. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग हळूहळू, बंद दारापलीकडून आलेली टाइपरायटरची टकटक ऐकू यायला लागली. ओळ संपल्याची घंटी. हशा. पुन्हा टकटक. टायपिस्टबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. ती अजून आत बसलेली असतानाच तिच्या अध्यायाचं कौतुक बाहेर टाइप होत होतं. तेवढा धीरही त्यांना धरवला नव्हता.

अर्धा तास मी वाजत होतो. एकही माणूस उठला नाही. उठून बंद करायला कोणाची छाती नव्हती. बटण वर आलं तेव्हा ती म्हणाली, "चार वर्षांपूर्वी सांगितलं असतंत, तर मी टेलिफोनवर कसं बोलावं ते शिकवलं असतं. नाहीतर खुर्च्या लावल्या असत्या." आणि पिशवी घेऊन निघून गेली. चार वर्षं, मित्रांनो. मी तुम्हाला मंगळवार मोजून सांगितले नव्हते.

त्यानंतर ठराव झाला की यंत्र नादुरुस्त असल्याने गैरसमज झाला. चिठ्ठी लिहिली हेडमास्तरांनी. अक्षर सुरेख आहे, वाचून बघा.

मग तिघं माफीचं पत्र लिहायला बसले. मंगळवारीच. हेडमास्तर मजकूर सांगत होते, टायपिस्टबाई टाइप करत होत्या. पहिल्या दोन ओळी सगळे गंभीर होते. बाईंनी डोळेही पुसले. तिसऱ्या ओळीला डॉक्टर म्हणाले, "खाली सही घड्याळजीची करायची का?" आणि टायपिस्टबाईंना हसू फुटलं. मी कपाटातून ऐकलं. पत्र पोस्टात पडलं. तिचं उत्तर आलं नाही. तिने मोठ्या मनाने माफ केलं असणार, असं हेडमास्तर सांगतात.

मित्रांनो, अशा वेळी शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. माझी धूळ पुसा, असं मी मागणार नाही. तुमच्या घरात, वर्गात कोणाचा हात थरथरायला लागेल, कोणाचा आवाज कापायला लागेल. तेव्हा त्याच्यासमोर बसा आणि हे काम आता तुम्हाला जमत नाही, असं त्याला सांगा. तो रडेल, रागावेल, आठवडाभर तुमच्याशी बोलणार नाही. मग येऊन दुसरं काम मागेल, ते त्याला द्या. मला सांगता आलं नसतं, मला दिलेलं तेवढंच वाजवता येतं. तुम्हाला बोलता येतं.