सत्काराच्या दुसऱ्या दिवशी

इंदुमतीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. परभणीकडून आलेली ती बाई अजून जेवत होती, सावकाश, मान खाली घालून. हणमंतची आई, कुसुमावती. तिला इथे बसवून हणमंत संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या तयारीला पळाला होता.

कार्यक्रम इंदुमतीच्याच सत्काराचा होता. यूपीएससीसाठी दिल्लीत येणाऱ्या मराठी मुलांचं घर म्हणजे राजेंद्रनगरातली काकूंची खानावळ, असं पत्रिकेत छापलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. कुणी तापानं पडलं की त्याच्या खोलीवर गुरगुट्या भात जायचा. कुणी नापास झालं की त्या दिवशी न मागता त्याच्या ताटात गोड पडायचं. हणमंतच्या तर परीक्षेला बसायच्या संधीही केव्हाच संपल्या होत्या. तरी तो दोन्ही वेळा जेवायला यायचा, मंडईतून भाजी आणून द्यायचा. इंदुमतीनं त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

"पोट भरलं का?" तिनं जवळ जाऊन विचारलं.

"भरलं की. घरच्यासारखं आहे, ताई." कुसुमावतीनं ताटातला शेवटचा घास पुसून घेतला. "ह्याची परीक्षा संपली ते मला गावातल्या पोरानं सांगितलं. ह्यानं नाही. वडलांना आता बरं नसतं. दुकान बंदच आहे म्हणा ना."

"मग तुम्ही त्याला चल म्हणालात?"

"दर फोनला म्हणते. थोडं थांब म्हणतो." ती हसली. "मला वाटायचं, उपाशी राहायची पाळी आली की येईल आपसूक. तुम्ही ती पाळीच येऊ दिली नाही."

आवाजात तक्रार नव्हती. तिनं उठून इंदुमतीला हात जोडले. इंदुमतीचे हात पिठानं भरलेले होते. तिला ते जोडताही आले नाहीत.

संध्याकाळी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सभागृहात, खानावळीत जेवणाऱ्या मुलींपैकी शिवांगीनं काकूंच्या साडीला पिना लावून दिल्या. शाल झाली, श्रीफळ झालं. मानपत्र हणमंतनं वाचलं. लिहिलंही त्यानंच होतं.

"आम्हाला सगळे विचारतात, तू अजून दिल्लीत काय करतोस," तो म्हणाला. "काकूंनी एकदाही विचारलं नाही."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या रांगेत कुसुमावती बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरानं.

इंदुमतीला बोलायचा आग्रह झाला. ती माइकपाशी उभी राहिली. तिची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली.

"सगळे जेवून जा," एवढंच म्हणून ती खाली बसली. लोक हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडची गाडी होती. आईसाठी डबा न्यायला हणमंत आला, तेव्हा इंदुमतीनं पिशवी बांधून तयार ठेवली होती. त्यानं ती उचलून पाहिली.

"काकू, आईला एवढं कशाला? तिच्याच्यानं उचलवणार नाही."

"दोघांचं आहे."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"माझं तिकीट नाही."

"जनरलमध्ये बस. तसाच आला होतास ना?"

"काकू, मी दोन क्लासमध्ये शिकवायचं बोलून ठेवलंय. बिल्कुल होईल काम. थोडं थांबा."

इंदुमती तव्याकडे वळली. तव्यावर काहीच नव्हतं.

"आजपासून इथे तुझं ताट वाढणार नाही मी," ती म्हणाली.

गावी निघालेलं प्रत्येक पोर तिच्या पाया पडून जायचं. हणमंत पिशवी खांद्याला लावून तसाच जिना उतरून गेला.

रात्रीच्या जेवणाला मुलं नेहमीसारखीच आली, पण बोलणं कमी होतं. शिवांगी एकटीच टेबलाशी बसली.

"हणमंतदादा गेला," ती म्हणाली. "सामानही नीट भरलं नाही. पुस्तकं माझ्याकडे टाकून गेलाय."

"अच्छा."

"तुम्ही त्याला जायला सांगितलंत?"

"हो."

शेजारच्या टेबलांवरची मुलं वळून बघू लागली. शिवांगीनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच ठेवला. तिची ही शेवटून दुसरी संधी होती. निकाल पुढच्या आठवड्यात होता.

"काकू," तिनं हळूच विचारलं, "मला कधी सांगाल?"

इंदुमतीच्या हातात तिच्यासाठी आणलेली गरम भाकरी होती. ती ताटात वाढावी की नाही, हे तिला कळेना. बोटं भाजू लागली तरी ती तशीच उभी राहिली.