मुक्ता वर आहे

नाव हिंमतराव, आणि जत्रेतला पाळणा नुसता खालून बघितला तरी यांच्या पोटात गोळा यायचा. यात त्यांची काही चूक नाही; नाव बारशाला ठेवतात, स्वभाव पुढं कळतो. धायरीत चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला, पण बाल्कनीच्या कठड्याला टेकून हा माणूस कधी उभा राहिला नाही. आणि अशा माणसाची पोरगी हवाई दलात लढाऊ विमान चालवायला शिकायला गेली! आता काय बोलायचं सांगा.

लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला त्यातलं काही कळत नाही म्हणून घाबरतो. उलट होतं. हिंमतराव वाशीमकडून पुण्यात आले ते नव्वदनंतर, परदेशी कंपन्यांनी इकडं धडाधड कारखाने काढले तेव्हा, आणि निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या तपासणी विभागात बसले. गाड्यांचे सुटे भाग हातात घ्यायचे, मापायचे, उजेडात धरून बघायचे, आणि केसाएवढी चीर दिसली की लाल रंग फासून बाजूला टाकायचे. सगळ्याच चिरा दिसत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विमानात असे भाग हजारोंनी असतात आणि त्या सगळ्यांच्या मधोमध आपली मुक्ता बसते, हा विचार एकदा डोक्यात शिरला की त्यांची जेवणावरची वासना उडायची.

घरात दुसरा एक वेडा होता, मुक्ताचा मोठा भाऊ दत्तप्रसाद. हिंजवडीत आयटीतली नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी हा कॉम्प्युटरवर विमान बांधत बसायचा. विमान उडवायचा एक गेम होता, अगदी खऱ्यासारखा, आणि त्यात आपण स्वतः तयार केलेलं विमान घालता यायचं. दत्तानं वर्षभर खपून एक लढाऊ जेट उभं केलं. पंखांवरचे रिव्हेट, चाकांचे दरवाजे, आतली घड्याळं, काही म्हणून सोडलं नाही. दिवाळीला मुक्ता रजेवर आली तेव्हा त्यानं मोठ्या हौसेनं तिला पुढं बसवलं, आणि तिनं पाच मिनिटांत तोंड वाकडं केलं.

“फारच शहाणं आहे रे दादा तुझं विमान. खरं असं वागत नाही. वेग कमी झाल्यावर नाक वर ओढलं ना, की पंखांवरची पकड सुटते आणि ते दगडासारखं खाली येतं.”

“म्हणजे मी हे बिघडवू?”

“खरं कर म्हणते.”

दत्तानं केलं. मग बहीणभाऊ संध्याकाळभर टेबलाला चिकटलेले. ती त्याला उतरवायला शिकवत होती. “अरे, जमिनीकडे काय बघतोस? धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाकडे बघ. जमीन आपली आपण येते.” कोपऱ्यात हिंमतराव पेपर तोंडापुढं धरून बसले होते आणि त्यातलं एक अक्षर वाचत नव्हते. दगडासारखं, हा शब्द तेवढा कानात जाऊन बसला होता.

रजा संपल्यावर स्वारगेटला तिला बसमध्ये बसवलं. तिनं खिडकीतून “येते बाबा” म्हटलं. यावर कोणीही नुसतं ‘ये’ म्हणतो, त्याला काय अक्कल लागते? तेवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही. बस वळून गेली तरी हे आपले तिथंच उभे.

त्यानंतर कुठून दुर्बुद्धी झाली देव जाणे. पोरीवर काय प्रसंग येत असतील ते आपल्याला कळलं पाहिजे, असं मनाशी म्हणून, दत्ता ऑफिसला आणि बायको तुळजाबाई भाजीला गेल्या की हिंमतराव चोरून टेबलाशी बसायला लागले. कारखान्यात शेवटी शेवटी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली होती, त्यामुळे बटणांचं काही वाटत नव्हतं. उडवणं जमलं. वळवणं जमलं. उतरवणं काही केल्या जमेना. पण पडलं तर पडलं, पडद्यावरचंच ते. पुन्हा नवीन सुरू व्हायचं.

सोमवारी पडलं तेव्हा मात्र वेगळं झालं. विमान आपटलं की तो गेम ते बाहेरून दाखवायचा, सावकाश, भोवती फिरून फिरून. मोडलेलं नाक दिसलं, धूर दिसला, आणि वैमानिकाच्या काचेखाली पांढऱ्या रंगात स्वच्छ मराठीत लिहिलेलं नाव दिसलं. मुक्ता इंगोले.

दत्तानं ते नाव आदल्याच दिवशी रंगवलं होतं. वैमानिकाचं नाव विमानावर असं लिहितात, पुढच्या रजेत बहिणीला दाखवू, एवढाच बिचाऱ्याचा विचार. हिंमतरावांना मात्र दुसरंच दिसत होतं. जळणाऱ्या विमानावर पोरीचं नाव, आणि ते आपटणारा हात बापाचा. त्यांनी घाईघाईनं पडदा बंद केला, देवापुढं जाऊन उभे राहिले आणि काय मागावं तेच सुचेना.

रात्री जेवताना दत्ता म्हणाला, “मुक्ताचा मेसेज होता. गुरुवारी सकाळी तिची सोलो आहे. जेटमध्ये पहिल्यांदाच एकटी, मागं शिकवणारा नाही.”

हिंमतरावांच्या हातातला घास हातातच राहिला. आता सांगणार कोणाला? असलं अभद्र तोंडातून काढूसुद्धा नये. तुळजाबाईंना सांगावं तर त्या अन्नपाणी सोडतील, आणि दत्ताला सांगावं तर तो शिकलेला माणूस, हसेल. मंगळवार-बुधवार त्यांनी त्या टेबलाकडे ढुंकून बघितलं नाही. पण मनाशी एक धरून बसले. जे केलं ते उलटवायचं. गुरुवारी, पोरगी तिकडं उतरायच्या आत, तिच्या नावाचं विमान इथं एकदा नीट, ओरखडा न उठता जमिनीवर टेकवायचं. म्हणजे झालं गेलं पुसलं जाईल.

गुरुवारी दत्ता बाहेर पडला. हिंमतरावांनी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि बसले. विमान सुटलं, वर गेलं, मोठी फेरी घेऊन परत वळलं. लांबवर धावपट्टी दिसली, लेंग्याच्या नाडीएवढी. आणि त्यांचे हात थरथरायला लागले. हात थरथरले की विमान वळवायची दांडी थरथरायची, दांडी थरथरली की विमान. घाबरून त्यांनी नाक वर ओढलं, वेग उतरला, आतली धोक्याची घंटा किंचाळायला लागली. दगडासारखं! त्यांनी डोळे गच्च मिटले आणि पॉजचं बटण दाबलं.

सगळं गप्प झालं. डोळे उघडून बघतात तर विमान हवेत जिथल्या तिथं थांबलेलं.

असू दे, ते म्हणाले. अधांतरी असलं तरी पडलेलं तर नाही ना. मुक्ताचा फोन येईपर्यंत असंच ठेवू. त्यांनी खोलीचं दार अलगद ओढून घेतलं आणि तुळजाबाईंना बजावलं, “आज त्या खोलीत झाडूसुद्धा फिरवायचा नाही.”

“का हो? कॉम्प्युटरचं सोवळं पाळताय का आता?” तुळजाबाई म्हणाल्या आणि मटार सोलायला बसल्या.

पण एक गोष्ट हिंमतराव साफ विसरले होते. वार नव्हे, वार तर डोक्यात घण घालत होता. गुरुवारी पुण्यात काय होतं ते विसरले. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, पेपरात भागांची नावं येतात, शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. एरवी दर गुरुवारी हेच सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरून ठेवायचे. आज पेपरची घडीसुद्धा मोडली नव्हती.

डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. फ्रिजची घरघर बंद झाली. आणि बंद दाराआडून आवाज यायला लागला. टीं... टीं... टीं...

यूपीएसची बॅटरी! हिंमतराव धावत आत गेले. पडद्यावर विमान अजून होतं. त्यांनी दत्ताला फोन लावला.

“दत्ता, वीज गेली रे.”

“गुरुवार आहे बाबा. मीटिंगमध्ये आहे मी.”

“तुझा कॉम्प्युटर चालू आहे.”

“मग बंद करून टाका ना. सोपं आहे, खाली डावीकडे—”

“बंद नाही करता येत! मुक्ता वर आहे!”

पलीकडं मीटिंगमधली चार माणसं बोलत होती, मग एक दार लागलं आणि त्यांचे आवाज बंद झाले.

“बाबा,” दत्ता हळूच म्हणाला, “नाव बघितलंत तुम्ही.”

“सोमवारी पाडलं मी तिले.” घाबरले की पंचवीस वर्षांचं पुणं त्यांच्या जिभेवरून उतरायचं आणि वाशीम तेवढं उरायचं. “माह्या हातानं पाडलं रे बाप्पा. आज तिची सोलो हाय. हे आहे असं सेव्ह नाही होत काय?”

दत्ता हसला नाही. “मधेच सेव्ह करायची सोय नाही त्यात. आणि बॅटरी जुनी आहे, पाच-सात मिनिटं काढेल फार तर.” त्यानं श्वास घेतला. “उतरवा तिला. मी आहे फोनवर. पॉज काढलात की आधी नाक खाली करा, मग इंजिन वाढवा.”

“खाली? जमिनीकडे?”

“हो. वेग आला की ती सावरते. वर ओढलंत तर गेली.”

हिंमतरावांनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. पोरगी वाचवायची तर आधी तिचं नाक जमिनीकडे करायचं, हा कुठला न्याय! दारात तुळजाबाई मटाराचं ताट घेऊन उभ्या होत्या.

“कोणाला उतरवताय?”

“मुक्ताले.”

तुळजाबाईंनी एकवार पडद्याकडे बघितलं, एकवार नवऱ्याच्या हातांकडे. ताट खाली ठेवून त्या आल्या आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

पॉज निघाला. घंटा पुन्हा किंचाळली. हिंमतरावांनी दांडी पुढं लोटली आणि सगळी जमीन, शेतं, झाडं, घरं, अंगावर धावून आली. त्यांच्या तोंडून “आई गं” निघालं. मग घंटा बंद झाली. विमान हाताला लागलं.

“शाबास! आता चाकं बाहेर काढा,” दत्ता सांगत होता, “वेग थोडा कमी, आणखी थोडा, आता—” आणि आवाज तुटला. फोन कट झाला. परत लावायला हात मोकळा नव्हता. टीं टीं टीं टीं, यूपीएसनं आता दम घेणं सोडलं होतं.

धावपट्टी वर वर येत होती. पळून जावंसं वाटलं त्यांना, खुर्चीवरून उठून सरळ जिना उतरून खाली. आणि त्यांना दिवाळीतली संध्याकाळ आठवली. जमिनीकडे काय बघतोस? त्यांनी जमिनीवरचे डोळे उचलले आणि पट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला लावले. हात थरथरत होतेच. डोळे तेवढे त्यांनी हलू दिले नाहीत.

चाकं आपटली. विमान उसळलं, पुन्हा आपटलं, तिरकं होऊन गवतात शिरलं, घसरत गेलं आणि थांबलं. त्यांनी चाचपडत बाहेरून बघायचं बटण दाबलं. विमान गवतात वाकडं उभं होतं, पण अख्खं. काचेखालचं नाव पांढरं स्वच्छ. एवढं दिसलं आणि पडदा काळा झाला.

हिंमतराव ढसाढसा रडायला लागले. तुळजाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यावर मुक्ताचं नाव होतं, आणि यांना तो उचलवेना. शेवटी तुळजाबाईंनी बटण दाबून त्यांच्या कानाला लावला.

“बाबा? आज झालंच नाही. आडवा वारा फार होता. उद्यावर ढकललं.”

हिंमतरावांना हसावं की रडावं कळेना. म्हणजे हे सगळं उद्या पुन्हा! आणि उद्या तरी कुठं संपणार होतं? पोरगी नोकरीत असेपर्यंत रोज वर जाणार, आणि रोज तिला उतरावं लागणार. एवढी साधी गोष्ट आजवर त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

“बाबा, ऐकताय ना? एक सांगू? आईला नका सांगू.” तिचा आवाज बारीक झाला. “बाकीचे वैतागले. मला बरं वाटलं. मला भीती वाटते हो बाबा. हात थांबत नाहीत माझे. मी परत येऊ का घरी?”

वर्षभर हेच ऐकायला त्यांनी देवांना नारळ बोलले होते. नुसतं ‘ये’ म्हणायचं होतं. संपलं असतं सगळं, पोटातला गोळा, दगड, गुरुवार. शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी काळ्या पडद्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. ते अजून हलत होते.

“माह्येही नाही थांबत,” ते म्हणाले. “तरी उतरता येते.”

“काय?”

“तू त्या टोकाकडे बघ. जमीन आपली आपण येते.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “येते बाबा,” ती म्हणाली.

“उद्या उतर,” हिंमतराव म्हणाले. “मंग ये.”

फोन ठेवून ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

“काय म्हणाली?” तुळजाबाईंनी विचारलं.

“उद्या हाय.”