नाक दाबून ठेवलेलं नाव

पानं बदकाच्या पायासारखी, म्हणून त्या झाडाला सगळा गाव बदकपायच म्हणायचा. लुओ काकूंच्या अंगणात ते सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीपासून उभं होतं. त्याच्या भाजलेल्या बियांवर काकूंच्या नवऱ्याची ढास थंडीभर आटोक्यात राहायची. एरवी झाडाकडे कुणी फिरकत नसे, कारण पिकल्या फळांना सुटणारी घाण असह्य होती.

पुढे राजधानीतल्या कुणा बड्या माणसाला त्या बिया आवडल्या, त्या सम्राटांना नजराणा म्हणून पाठवायचं ठरलं आणि कचेरीतला कारकून गावात आला. नाकाला बाही लावून म्हणाला, "सम्राटांच्या ताटात बदकाचा पाय वाढायचा? नाव बदला!"

मुखिया थान हुरळून गेला. तोही नाक दाबूनच विचाराला बसला. फळ जर्दाळूसारखं, बी पांढरी, म्हणून नाव ठरलं, चांदीचं जर्दाळू! गावानं बांबू जाळून फटाके उडवले. असली अक्कल पाजळायला मुखियाच लागतो.

"चांदी म्हणे!" काकू कुजवलेल्या फळांचा गर धूत होत्या, हात कोपरापर्यंत खाजत होते. "ये रे थान, तुझी चांदी धू जरा."

"काकू, तुम्हाला मोठेपणा कळत नाही. सम्राट खाणार आपल्या बिया!"

"आणि आम्ही काय खायचं?"

बिया नजराण्यात गेल्या. थाननं झाडाखाली पहारा बसवला. खाली पडलेलं फळही उचलायची सोय राहिली नाही. काकूंनी आपल्या म्हाताऱ्यापुरती ओंजळभर मागितली, तर थान ऐटीत म्हणाला, "त्या बियांना हात लावायचा नाही." त्या दिवशी काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थंडी पडली. म्हातारा रात्ररात्र उशीला टेकून बसू लागला, त्याला आडवं होता येईना. एका सकाळी थान दारात आला. ऐट कुठच्या कुठे गेली होती.

"काकू, आईला धाप लागलीय. मूठभर तरी बदकपाय असतील ना?"

नवं नाव पडल्यापासून त्याच्या तोंडून जुनं नाव पहिल्यांदाच निघालं. काकूंना त्याची किळस आली. त्याच्या आईची मात्र कीव आली. बिया खरंच असत्या तर दिल्याही असत्या.

आत म्हातारा खोकायला लागला. थाननं मान खाली घातली.

"नाहीत रे," काकू म्हणाल्या. "ज्यांना खोकला नाही, त्यांनी खाल्ल्या."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.